ध्वजारोहणाआधीची दहा वर्षे: तीर्थपुरी नगर पंचायतीस खुले पत्र

सन्माननीय नगराध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नगर पंचायत, तीर्थपुरी (ता. घनसावंगी, जि. जालना) यांस,



दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाड्यातील तहसील कार्यालये, शाळा, ग्रामपंचायती आणि नगर पंचायती यांच्यासमोर मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते, आणि त्या प्रसंगी ठिकठिकाणी जी भाषणे होतात त्यांत बहुधा दोनच गोष्टी येतात: रझाकारांचे अत्याचार आणि भारतीय सैन्याची पाच दिवसांची कारवाई. हे सांगणे खोटे नाही, पण त्याने एक चूक रुजते. अशा कथनात मराठवाड्याची जनता एक तर मार खाणारी दिसते किंवा सोडवली जाणारी. स्वतः विचार करून लढ्याची रीत निवडणारी, त्या रीतीची किंमत मोजणारी आणि प्रसंगी तिच्या मर्यादाही ओळखणारी जनता त्यात कोठेच दिसत नाही. 1937 ते 1947 या दहा वर्षांत हैदराबाद संस्थानातील मराठी प्रजेने निःशस्त्र सामुदायिक प्रतिकाराचा मार्ग का धरला, हा प्रश्न या पत्रापुरता घेतला आहे, कारण त्याचे उत्तर या दिवसाच्या अर्थाशी थेट निगडित आहे.

प्रथम भूगोल स्पष्ट केलेला बरा. आजचा जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. निजामी अमदानीत तीर्थपुरीचा परिसर औरंगाबाद जिल्ह्यातील अंबड तालुक्यात मोडत असे आणि शेजारचे परतूर परभणी जिल्ह्यात होते. हे दोन्ही जिल्हे बीड, नांदेड आणि उस्मानाबादसह हैदराबाद संस्थानाचा मराठवाडा हा विभाग बनवत. संस्थानाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 82,700 चौरस मैल, जिल्हे 16 आणि 1941 च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सुमारे 1 कोटी 63 लाख होती. गोदावरीच्या उत्तर काठावरचा हा पट्टा राजधानीपासून दूर असला तरी मुक्तिसंग्रामाच्या कडेला कधीच नव्हता. उलट संघटित लढ्याचा पहिला मोठा मेळावा शेजारच्या परतुरातच भरला.

येथे एक आक्षेप साहजिकच निघतो. निजाम हा परदेशातून आलेला राज्यकर्ता नव्हता. मग त्याच्या प्रजेला वसाहतीची प्रजा कसे म्हणायचे? उत्तर संस्थानाच्या पायात आहे. 1798 मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, म्हणजे स्वतःच्या खर्चाने कंपनीचे सैन्य आपल्या राज्यात ठेवून घेतले आणि त्या बदल्यात परराष्ट्र व्यवहाराचा हक्क सोडला. पुढे कंटिंजंट नावाच्या आणखी एका फौजेच्या खर्चापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी निजामाला पाठवलेल्या पत्रात ब्रिटिश सत्ता या देशात सार्वभौम आहे, म्हणजे सर्व संस्थानिकांच्या वर तिचा शब्द अखेरचा आहे, असे स्वच्छ बजावले. तात्पर्य, मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर एकावर एक दोन सत्ता बसल्या होत्या: जवळची सत्ता जनतेला जबाबदार नव्हती आणि दूरची सत्ता त्या बेजबाबदारपणाची जामीनदार होती. ब्रिटिश मुलखातील माणसाला निदान प्रांतिक कायदेमंडळ, वृत्तपत्रे आणि सभा तरी होत्या. संस्थानी प्रजेला तेही नव्हते. वसाहतीच्या गुलामगिरीची ही दुहेरी घडी होती आणि तिच्यातला खालचा पदर जास्त जाड होता.

शांततेचा मार्ग हा या मुलखाचा स्वभाव होता, अशी एक गोड समजूत आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील आसई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केल्यानंतरही दख्खनच्या या भागात हत्यारे खाली ठेवली गेली नव्हती. जानेवारी 1819 मध्ये नांदेडकडील नोव्हा येथील गढीत हटकर सरदार नौसाजी नाईक यांनी इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेशी झुंज दिली. अजिंठ्याच्या डोंगरात भिल्लांचे उठाव होत राहिले. जून 1857 मध्ये औरंगाबादेत कंटिंजंटच्या घोडदळातच बंड झाले आणि ते चिरडल्यावर ज्या काळ्या चबुतऱ्याजवळ शिपायांना देहदंड दिला गेला, तेथे आज क्रांती चौक आहे. त्याच वर्षी 17 जुलैला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढाकाराने हल्ला झाला, तोही फसला. या सर्व प्रयत्नांचा शेवट एकाच प्रकारे झाला, आणि त्याचे कारण शौर्याची उणीव हे नव्हते. बंड स्थानिक असे, पण ते मोडणारी फौज स्थानिक नसे. जालन्याच्या छावणीत कंटिंजंटचे सैन्य ठाण मांडून होते, ते एकोणिसावे शतक सरेपर्यंत. अंबड किंवा परतूर भागात कोणी तलवार उपसलीच असती, तरी तिला उत्तर द्यायला तोफा दोन-तीन मजलांच्या आत होत्या. निःशस्त्र प्रतिकाराकडे वळलेल्या पिढीने हा शंभर वर्षांचा हिशेब वाचलेला होता.

शस्त्र नाही, तर अर्ज-विनंती तरी? तो मार्गही राज्याने अरुंद करून ठेवला होता. ‘गश्ती निशाण 53’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकाने (गश्ती म्हणजे सर्व अधिकाऱ्यांकडे फिरवलेला हुकूम) कोणतीही सार्वजनिक सभा पूर्वपरवानगीशिवाय घेण्यास मनाई होती, आणि परवानगी देणारा अधिकारी ती कारण न सांगता नाकारू शके. खासगी शाळा काढायची तर तिलाही सरकारी मंजुरी लागे. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारा एक धाडसी प्रयोग म्हणून गौरवले जाते आणि तो गौरव योग्यही आहे, पण मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने ती भाषा इंग्रजीइतकी नसली तरी परकीच होती. जमिनीची व्यवस्थाही एकसारखी नव्हती. सरकारी महसुलाखालील दिवाणी मुलूख, सरदारांकडे लावून दिलेल्या जहागिरी आणि खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेली सर्फेखास अशी तिची वाटणी होती; राज्याच्या सुमारे चाळीस टक्के भूभागावर दिवाणी कायदा नीट पोहोचतच नसे. ज्याच्याकडे दाद मागायची तोच मालक, अशी ही रचना होती.

म्हणून या प्रदेशातील राजकारण राजकारण म्हणून सुरूच झाले नाही. ते शाळा, वाचनालय, गणेशोत्सवातील मेळे आणि साहित्य संमेलने या वाटांनी आले. 1921 मध्ये हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली, आणि याच शाळेत शिक्षक म्हणून आलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे गृहस्थ पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने साऱ्या संस्थानाचे नेते झाले. शिक्षकाच्या खुर्चीतून नेतृत्व उभे राहिले याचा परिणाम लढ्याच्या पद्धतीवर झाला, असे म्हणण्यास जागा आहे. शिक्षकाकडे बंदूक नसते, सावकारी नसते, वतनही नसते; त्याच्याकडे माजी विद्यार्थी असतात आणि ते गावोगाव पसरलेले असतात. 1937 मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा हेच विखुरलेले लोक प्रथमच एका मांडवाखाली आले. नागरी स्वातंत्र्य आणि मातृभाषेतून शिक्षण या गोष्टी आज कोणालाही मवाळ वाटतील. पण जेथे मांडव घालायलाच परवाना लागतो तेथे त्यांचा उच्चार हीच मोठी गोष्ट होती.

मवाळ मागणीची कसोटी पुढच्याच वर्षी लागली. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले, तिचे ध्येय जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे मंत्रिमंडळाने लोकनियुक्त विधिमंडळाला उत्तर द्यावे अशी व्यवस्था, हे होते, आणि तीसुद्धा निजामाच्या असफजाही घराण्याच्या छत्राखाली. राजाला हटवा असे कोणी म्हटलेच नव्हते. तरीही संस्था रीतसर जन्मण्याआधी, सप्टेंबर 1938 मध्ये, तिच्यावर बंदी आली. 24 ऑक्टोबर 1938 रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने बंदी मोडून सत्याग्रह केला. तीन दिवसांनी स्वामी रामानंद तीर्थ यांची तुकडी गेली, आणि मग एकामागून एक तुकड्या जात राहिल्या. सत्याग्रह हा शब्द गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्यात घडवला. अन्याय्य कायदा उघडपणे, आधी सांगून मोडायचा आणि त्याची शिक्षा टाळायची नाही, असा त्याचा अर्थ. ‘उघडपणे’ आणि ‘टाळायची नाही’ या दोन अटींवरच त्याचे सारे बळ उभे असते. गुप्त संस्था फोडता येते, कारण तिच्यात फितूर मिळतो. जी संस्था आपल्या पुढच्या तुकडीची तारीख आणि नावे स्वतःच जाहीर करते, तिच्यात फितुराला काम उरत नाही.

मराठवाड्यातील सगळे पुढारी अहिंसेचे व्रतस्थ उपासक नव्हते, ही बाब मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या तरुण नेत्याची घडण मार्क्सवादी विचारात झाली होती, आणि स्वामीजी स्वतः कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करून आले होते. अहिंसा हा यांच्यापैकी अनेकांचा धर्म नव्हता, निर्णय होता, आणि त्या निर्णयामागे लष्करी दुर्बलतेइतकेच वजनदार दुसरे कारण होते. राज्यकर्ता मुसलमान आणि बहुसंख्य प्रजा हिंदू अशी स्थिती असताना संस्थानाचे सरकार प्रत्येक मागणीवर जातीय बंडाचा शिक्का मारायला टपलेले होते. हातात काठी जरी दिसली असती तरी ‘ही लोकशाहीची नव्हे, हिंदूंची चळवळ आहे’ हे म्हणणे सिद्ध करायला तेवढा पुरावा पुरला असता. शांतता ही येथे मागणीचे स्वरूप जपणारी कुंपणाची काटेरी फांदी होती. ती काढली की शेतात कोणतेही जनावर शिरणार होते.

ते जनावर 1938 च्या अखेरीस कुंपणापर्यंत आलेच. त्याच सुमारास आर्य समाजाने आणि हिंदू महासभेने धार्मिक हक्कांसाठी स्वतंत्र सत्याग्रह सुरू केले. त्यांच्या तक्रारींत तथ्य होते, पण दोन सत्याग्रह शेजारी शेजारी चालू लागल्यावर बाहेरच्या माणसाला आणि खुद्द निजाम सरकारला ते वेगळे दिसेनात, किंवा दिसत असूनही न दिसल्यासारखे करणे सोयीचे झाले. गांधीजींच्या सल्ल्यावरून 24 डिसेंबर 1938 रोजी स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. अवघ्या दोन महिन्यांत, कार्यकर्ते तुरुंगात आणि बंदी कायम असताना, लढा थांबवणे अनेकांना जिव्हारी लागले, आणि त्यांचा राग गैरवाजवी होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या स्थगितीने संघटनेला एक गोष्ट मिळवून दिली. पुढच्या दहा वर्षांत स्टेट काँग्रेसला जातीय म्हणणाऱ्याला उत्तर देण्यासाठी ही एकच तारीख पुरे होती.

सत्याग्रह थांबला तरी त्याची लागण थांबली नाही. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातून सुरू झालेले ‘वंदे मातरम्’ आंदोलन त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले. प्रार्थनेच्या वेळी कोणते गीत म्हणावे एवढ्यावरून शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांपैकी पुष्कळांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरे केले, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. राज्याने आपल्याच हाताने आपल्या सर्वांत शिकलेल्या तरुणांना ब्रिटिश हिंदुस्थानातील चळवळीच्या शाळेत भरती केले, असा या प्रकरणाचा अर्थ होतो.

1946 मध्ये बंदी उठली, जून 1947 मध्ये निजामाने इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार असल्याचे जाहीर केले, आणि लढ्याने सामुदायिक रूप घेतले. 7 ऑगस्ट 1947 रोजी ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ हा दिवस संस्थानभर पाळला गेला. 15 ऑगस्टला तिरंगा फडकवणे हा गुन्हा ठरला आणि त्याच दिवशी पहाटे स्वामीजींना अटक झाली. पण यापुढचा मुख्य कार्यक्रम तुरुंग भरण्याचा नव्हता. तो होता शिंदी तोडण्याचा.

शिंदीचे झाड ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या कार्यक्रमाची नेमकी जागा कळेल. ओढ्याच्या काठी, पाणथळ बांधावर ती आपोआप उगवते. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. खोडावर जुन्या झावळ्यांच्या खुंटांची खवल्यासारखी नक्षी असते आणि शेंड्याला टोकदार पात्यांचा झुपका. शेंड्याजवळ खाच पाडून खाली मडके बांधायचे, पहाटे उतरवायचे. सकाळी गोड असलेला रस ऊन चढेपर्यंत आंबतो आणि मग शिंदीखान्यात जातो. झावळ्यांचे फडे होतात, चटया होतात. झाड शेतकऱ्याच्या बांधावर असले तरी त्याच्या रसावर हक्क सरकारचा, आणि तो हक्क लिलावात घेणारा गुत्तेदार. अबकारी, म्हणजे मादक पदार्थांवरील कर, हा निजामाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा होता आणि शिंदी हा त्या अबकारीचा गावागावांत उभा असलेला डोलारा. या झाडाच्या खोडात सागासारखा गाभा नसतो, ते तंतूंनीच भरलेले असते, म्हणून कुऱ्हाडीचा घाव वाजत नाही, रुततो. एक झाड पाडायला पाच-सहा जण आलटून पालटून लागतात आणि तोवर अर्धे गाव बघायला जमते. जंगल सत्याग्रह या नावाने झालेल्या या मोहिमेत मराठवाड्यात अशी हजारो झाडे पडली. मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठी होऊ शकतो. गोदाकाठी मीठ पिकत नाही, तेथे सरकारचा कर ओढ्याकाठी उभा होता, आणि लोकांनी तो नेमका ओळखला.

हीच नजर बाकीच्या कार्यक्रमांतही दिसते. संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरी नाके होते. करोडगिरी म्हणजे मालाच्या आयात-निर्यातीवरील जकात. एकाच भाषेच्या, एकाच सोयरिकीच्या दोन गावांच्या मध्ये हे नाके आणि दोन नाणी उभी असत: अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार, आणि सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली असा बट्टा. नाक्यावर जकात न भरता माल नेणे हा मग साधा आणि कोणालाही जमणारा कायदेभंग ठरला. लेव्हीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने सक्तीने घातले जाणारे धान्य न देणे हा दुसरा. वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला, विद्यार्थी कॉलेजांतून बाहेर पडले, आणि पटेल-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. यांत सर्वांत कमी चर्चिली जाणारी आणि बहुधा सर्वांत परिणामकारक गोष्ट ही शेवटचीच होय. हैदराबादच्या दरबारात कोण बसते याच्याशी गावाला फारसे देणेघेणे नव्हते. गावापुरते राज्य म्हणजे पटवाऱ्याचे दप्तर. कोणाची किती जमीन, किती पीक, किती थकबाकी, हे त्या कापडात बांधलेल्या कागदांखेरीज सरकारला कळायला दुसरा मार्ग नव्हता. पटवारी घरी बसला की सरकार त्या गावापुरते आंधळे होई, आणि आंधळ्या सरकारला वसुलीसाठी बंदूकवाले पाठवावे लागत, ज्यांचा खर्च वसुलीपेक्षा जास्त असे. परकी किंवा बेजबाबदार सत्ता मुख्यतः प्रजेच्या रोजच्या मुकाट सहकार्यावर चालते, हे तत्त्व पुस्तकात वाचून नव्हे तर असे दप्तर बांधून ठेवून या मुलखाने शिकून घेतले.

शांततेच्या मार्गाने आणखी एक गोष्ट साधली. सशस्त्र टोळीत फार तर काही दांडगे तरुण जातात. करबंदीत म्हातारा शेतकरी जातो, निरोप पोहोचवण्यात आणि भाकरी पुरवण्यात बायका जातात, प्रभातफेरीत पोरे जातात. मात्र हा सहभाग सर्व थरांत सारखा होता असे भासवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेठबिगारीत पिढ्या घालवलेल्या दलित समाजाला गावच्या पाटलाचा स्वातंत्र्याचा पुकारा संशयास्पद वाटला, तर त्यात नवल नव्हते. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता तो निजामाविरुद्ध नव्हे, शेजाऱ्यांविरुद्ध. संस्थानातील काही दलित पुढारी निजामाकडे झुकले होते, आणि नोव्हेंबर 1947 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हैदराबादेतील अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे जाहीर आवाहन केले. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हा भाग क्वचितच येतो.

आता त्या मार्गाच्या मर्यादेविषयी. सत्याग्रहाला समोर असे राज्य लागते की जे तुरुंगात टाकते, खटला भरते, निदान कायद्याचे सोंग तरी आणते. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाती इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे गेल्यावर आणि तिचे रझाकार, म्हणजे गणवेशधारी स्वयंसेवक, गावे लुटू लागल्यावर ते सोंगही गळून पडले. 29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे कराराने निजामाला वर्षभराची उसंत दिली आणि गावांना मात्र रझाकारांच्या तोंडी दिले. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सरहद्दीपलीकडे, उमरखेडपासून बार्शीपर्यंत, कॅम्प उभारले आणि त्या कॅम्पांत शस्त्रे आली. जालना भागात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आजही घेतले जाते ते बंदूक चालवणारी बाई म्हणूनच. 30 जानेवारी 1948 रोजी उमरीची बँक लुटली गेली. वीस लाखांहून अधिक रकमेचा पै-पैचा हिशेब नंतर सादर झाला, हा या लुटीचा अपूर्व भाग. दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तो दिवसही हाच. याला गांधीमार्गाचा पराभव म्हणण्याची घाई करू नये. ज्यांनी बंदूक घेतली ते दहा वर्षांच्या सत्याग्रहातून आलेले होते, म्हणूनच लुटीनंतरही त्यांनी हिशेब लिहिला.

मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यात, हाच क्रम पुन्हा दिसतो. 18 जून 1946 रोजी मडगावला राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, 15 ऑगस्ट 1955 रोजी सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार करून वीसहून अधिक माणसे मारली, आणि अखेर डिसेंबर 1961 मध्ये सैन्य गेले. उलट आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, क्वामे एन्क्रुमा यांनी जानेवारी 1950 मध्ये गांधीजींपासून प्रेरणा घेऊन संप आणि बहिष्काराचे आंदोलन छेडले आणि 1957 मध्ये सैन्याविनाच देश स्वतंत्र झाला. फरक लोकांच्या धैर्याचा नव्हता. लंडनला आपल्या लोकमताचा विचार करावा लागे; लिस्बनच्या हुकूमशहाला आणि किंग कोठीतील निजामाला तो करावा लागत नव्हता.

मग सैन्यच यायचे होते, तर आधीची दहा वर्षे कशाला, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर असे की 13 सप्टेंबर 1948 ला शिरलेल्या सैन्याला एकाही मराठी गावाने परके मानले नाही. संस्थानाचा प्रश्न दोन सरकारांमधील करारमदाराचा राहिलेला नव्हता, कारण येथील प्रजेने आपले मत मतपेटी नसतानाही तुरुंगात जाऊन, झाडे पाडून आणि दप्तरे बांधून आधीच नोंदवले होते. आणि त्या लढ्यात केवळ हिंदू नव्हते: ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू लिहिली म्हणून 22 ऑगस्ट 1948 च्या रात्री हैदराबादेत त्यांचा खून झाला.

त्यानंतरचे एक प्रकरणही येथे नोंदवणे भाग आहे, कारण ते टाळून शांततेच्या मार्गाविषयी बोलणे ढोंग होईल. सैनिकी कारवाईच्या वेळी आणि तिच्या पाठोपाठ संस्थानातील मुसलमानांवर, त्यांतही उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत, सूडाचे हत्याकांड झाले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा सावध अंदाज 27,000 ते 40,000 असा दिला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांनी मारलेली माणसे आणि रझाकार नसतानाही मारली गेलेली माणसे या दोहोंची आठवण एका सभेत करता आली नाही, तर 24 डिसेंबर 1938 ची ती कडू स्थगिती कशासाठी होती, हे गावाला कधीच समजणार नाही.

या सर्व विवेचनामागे नगर पंचायतीकडे केलेली मागणी लहान आहे. येत्या 17 सप्टेंबरला ध्वजारोहणानंतरच्या कार्यक्रमात अर्धा तास या दहा वर्षांसाठी राखावा. कार्यालयाच्या भिंतीवर एक साधा फलक लावावा, ज्यावर 1937 चे परतूर अधिवेशन, 1938 च्या सत्याग्रहाची आणि स्थगितीची तारीख, 1947 चा शिंदीतोड आणि शोएबुल्ला खान यांचे नाव असेल. शहरातील शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलांना घरोघरी पाठवून ऐंशी-नव्वदीच्या पुढच्या माणसांकडून लेव्हीची, नाक्याची, कॅम्पची आणि सप्टेंबर 1948 नंतरच्या महिन्यांची जी काही आठवण मिळेल ती, हिंदू-मुसलमान दोन्ही आळ्यांतून, वहीत उतरवून घ्यावी आणि त्या वह्या वाचनालयात ठेवाव्यात. हे काम याच वर्षी व्हावे, कारण त्या वयाच्या माणसांची संख्या दर उन्हाळ्यात कमी होते. ओढ्याच्या काठी एखादी जुनी शिंदी अजून उभी असेल तर मुलांना तीही दाखवावी, आणि एवढ्या तंतुमय खोडाला पाडायला किती घाव लागत असतील याचा अंदाज त्यांचा त्यांनाच करू द्यावा.

कळावे.
मराठवाड्याच्या इतिहासाचा एक अभ्यासक